रिव्हेटवर व्हिनाइल रॅप: ट्रेलरला गोवर निघू नये म्हणून

धुळ्यात रेडियमचं काम करणाऱ्याला दुचाकीची टाकी, रिक्षाचं हुड, दुकानाची काच असली कामं झोपेतही जमतात. ट्रेलर आला की मात्र फजिती होते. माझीही झाली. भरीत-पुरी विकायचा एक ट्रेलर होता, अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचा. एकेका बाजूला दीडशेच्या वर रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणारे गोल मुंडक्याचे खिळे. मी स्वस्तातलं व्हिनाइल, म्हणजे मागून चिकट असलेला प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा, घेतलं आणि अंगठ्याने दाबत दाबत दिवसभरात चिकटवून दिलं. दिसायलाही झकास. चार दिवस उन्हात उभा राहिला आणि मालकाचा फोन आला, ‘‘भाऊ, ट्रेलरले गोवर निंघना का काय?’’ जाऊन पाहिलं तर प्रत्येक रिव्हेटभोवती व्हिनाइल उचललेलं, फोड आल्यासारखं.

चूक पहिल्यांदा मालाची होती. बाजारात दोन जातीचं व्हिनाइल मिळतं. कॅलेंडर्ड म्हणजे लाटून पातळ केलेलं, साधारण 75 ते 100 मायक्रॉनचं. ते सपाट बोर्डाला ठीक. ताणून बसवलं की ऊन लागताच मूळ आकाराकडे परत ओढ घेतं. कास्ट हे पातळ ओतून वाळवलेलं, 50 मायक्रॉनच्या आसपास, त्यामुळे त्याच्या अंगात ही ओढ फार कमी. रिव्हेटवर कास्टच लावायचं, आणि छपाई असेल तर वरचं लॅमिनेशनही कास्टच. महाग पडतं, पण दुसऱ्यांदा काढून लावण्यापेक्षा स्वस्तच.

बाकी सामान थोडं आहे: गरम हवा फेकणारी हीट गन, व्हिनाइल दाबत न्यायला कडेला फेल्टचं मऊ कापड लावलेली पट्टी, नवं ब्लेड, बारीक सुई, लांबून तापमान दाखवणारं थर्मामीटर आणि रिव्हेट ब्रश. हा आखूड, ताठ केसांचा गोल ब्रश असतो. त्याच्याऐवजी अंगठा चालेल असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. गरम व्हिनाइलवर अंगठा घासला की ते फाटतं, आणि अंगठा भाजतो तो वेगळाच.

आता धुणं. साबणाच्या पाण्याने सगळा पत्रा धुवा. रिव्हेटच्या मुंडक्याखालच्या खाचेत धूळ आणि तेल दडून बसतं, तिथे जुना टूथब्रश फिरवा. सांध्यांत सिलिकॉन भरलेलं असेल तर खरवडून काढा, त्यावर काहीच चिकटत नाही. मग दोन भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि एक भाग पाणी असं मिश्रण कापडावर घेऊन पुसा, आणि ते उडून जायच्या आत दुसऱ्या कोरड्या कापडाने टिपून घ्या. मुंडक्याखाली पाणी राहतंच, म्हणून धुणं आदल्या दिवशी उरका. धुताना प्रत्येक रिव्हेट बोटाने फिरवून बघा. फिरला तर तो ढिला आहे, आधी बदला.

वेळेचं म्हणाल तर आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा 44-45 अंशांवर जातो, आणि पत्रा त्याहून किती तरी तापतो. तापलेल्या पत्र्याला व्हिनाइल टेकताक्षणी धरतं, उचलून परत लावता येत नाही. उन्हाळ्यात सकाळी सहा ते दहा, तेही सावलीत. हिवाळ्यात उलट, ऊन वर येऊ द्या; गारठ्यात व्हिनाइल ताठ राहतं. पत्रा 15 ते 32 अंशांत असला की काम सुखाचं होतं.

लावताना मागच्या बाजूने सुरुवात करा, म्हणजे पुढचा तुकडा मागच्यावर अर्धा इंच चढतो आणि धावताना वाऱ्याला कड सापडत नाही. आडव्या जोडाला वरचा तुकडा खालच्यावर, कौलांसारखा. नंबर प्लेट, चासी नंबर आणि रिफ्लेक्टर टेप झाकायची नाही. पूर्ण रंगच बदलत असाल तर आधी आरटीओत विचारून घ्या.

रिव्हेटच्या ओळीपाशी आलात की हात आवरा. पट्टी फक्त सपाट पत्र्यावर फिरवायची. मुंडक्यांवर व्हिनाइल तंबूसारखं उभं राहील, राहू द्या. आधी संपूर्ण पत्रा, रिव्हेट सगळ्यात शेवटी. मी नेमकं उलट केलं होतं: एकेक रिव्हेट दाबत पुढे गेलो, त्यामुळे दोन रिव्हेटमधलं व्हिनाइल ताणत गेलं. दोन पत्रे एकमेकांवर चढतात तिथेही पायरीवरून व्हिनाइल ताणून नेऊ नका. पायरीच्या कडेने हलक्या हाताने कापा.

मग एकेक तंबू. भरताच्या वांग्याला भाजण्याआधी टोचे मारतात, तसे तंबूच्या बाहेरच्या कडेला सुईने दोन-तीन टोचे मारा, म्हणजे हवेला वाट मिळते. ब्लेडने चीर देऊ नका, ती ताणली की वाढते. हीट गन हलती ठेवत तंबू गरम करा. व्हिनाइल सैल पडून मऊ दिसू लागलं की ब्रश गोल गोल फिरवत बाहेरून आत या, आणि शेवटी मुंडक्याच्या मुळाशी घट्ट दाबा. थेट मुंडक्यावर ब्रश ठेवलात तर हवा भोवती अडकते आणि कडेला सुरकुती पडते. एका रिव्हेटला पाऊण मिनिट धरा. दीडशे रिव्हेट म्हणजे जवळपास दोन तास. कंटाळा येतो, पण शेवटच्या ओळीत घाई केली तर गोवर तिथूनच निघतो.

सगळं झालं की पुन्हा पहिल्या रिव्हेटपासून हीट गन फिरवा, यावेळी थर्मामीटर लावून. व्हिनाइल 100 अंशांच्या आसपास गेलं की ताणलेली जागा आहे त्या आकारात बसते. कास्टलाही हे लागतंच. मॅट व्हिनाइलवर गन एका जागी रोखली तर चकाकीचा डाग पडतो आणि तो जात नाही.

दुसऱ्या दिवशी ओळींवरून तळवा फिरवा. उचललेला रिव्हेट हाताला लगेच कळतो. तो परत गरम करून ब्रशने बसवा. आठवडाभर तरी प्रेशरचं पाणी मारू नका, आणि नंतरही कडांवर जवळून नको. तोच रिव्हेट दुसऱ्यांदा उचलला तर आत तो फिरतोय असं समजा. तेवढं व्हिनाइल गोल कापून काढा, रिव्हेट बदला आणि उरलेल्या तुकड्यातून मुंडक्यापेक्षा मोठी टिकली कापून वरून लावा. चार पावलांवरून ती कुणाला दिसत नाही.