फर्नेसमधून वायर जळाल्याचा वास: थंडीच्या सहलीआधीची तयारीची यादी

फिनिक्समध्ये राहणाऱ्या माणसाला आपल्या ट्रेलरमध्ये, म्हणजे गाडीमागे ओढायच्या फिरत्या घरात, प्रोपेन गॅसवर हवा गरम करणारी फर्नेस आहे, हे नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सुमारास आठवतं. मार्चपासून ती बंद पडलेली असते आणि आत ॲरिझोनाची धूळ साठत असते. मग चारेक तास गाडी हाकून ग्रँड कॅन्यनच्या साउथ रिमला पोचायचं, म्हणजे ११०० फुटांवरून सुमारे ७००० फुटांवर. बाहेर पाणी गोठायला लागलेलं, मुलं कुडकुडतायत, आणि तेव्हा कुठे थर्मोस्टॅट पहिल्यांदा वर करायचा. आम्ही नेमकं हेच केलं होतं. रात्री अकराला वायर जळाल्याचा वास आला आणि उरलेली रात्र चौघांनी दोन रजयांत काढली. तेव्हापासून निघायच्या दोन आठवडे आधी मी जे करतो, ते इथे लिहून ठेवतोय.

फर्नेस घरासमोरच चालवून बघायची, तीही पहाटे. दुपारी ट्रेलर इतका तापलेला असतो की थर्मोस्टॅटचा आकडा कितीही वर नेला तरी तो ‘थंडी आहे’ असं मानायला तयार होत नाही. सगळ्या खिडक्या उघड्या ठेवायच्या, छतावरचा पंखा बंद. शोअर पॉवरची, म्हणजे बाहेरून १२० व्होल्टची वीज आणणारी केबल काढून ठेवायची, म्हणजे फर्नेस फक्त बॅटरीवर चालेल. अर्धा तास चालवायची आणि तेवढा वेळ आत बसून राहायचं. चहा पिऊन येतो म्हणून उठायचं नाही. आणि चहा आत करायचा तर मुळीच नाही, कारण आज काम नाकाचं आहे.

पहिली काही मिनिटं धुळीचा करपट वास येणारच. वर्षभर माळ्यावर पडलेला रूम हीटर लावल्यावर येतो, तसाच. तो पंधरा-वीस मिनिटांत विरतो. वायरचा वास वेगळा असतो: तिखट, घशात बसणारा, आणि मुख्य म्हणजे वेळ जाईल तसा वाढणारा. काही जातीचं प्लास्टिक तापलं की चक्क मासळीसारखा वास सुटतो. माझी बायको मालवणची, त्यामुळे आमच्याकडे या वासाची पहिली चौकशी स्वयंपाकघरात झाली आणि दहा मिनिटं फुकट गेली. सडक्या अंड्यांचा वास आला तर तो प्रोपेनचा. मग एकही स्विच चालू-बंद न करता सगळ्यांनी बाहेर यायचं आणि सिलिंडर बाहेरून बंद करायचा. कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला मात्र कसलाच वास नसतो. त्यामुळे अलार्मचं बटण दाबून बघायचं आणि मागे छापलेली मुदतीची तारीखही वाचायची. अलार्म पीं करतो म्हणजे त्याचा सेन्सर जिवंत आहे असं नाही.

आता बिघाड कुठे शोधायचा हे कळायला फर्नेस कशी चालते ते डोळ्यासमोर हवं. थर्मोस्टॅटने हाक दिली की आधी ब्लोअरची मोटर फिरते. हवेच्या झोताने सेल स्विच नावाची पत्री ढकलली जाते, तेव्हा बोर्डला कळतं की हवा खेळतेय. मगच गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो, ठिणगी पडते आणि ज्योत लागते. काही सेकंदांत ज्योत दिसली नाही तर बोर्ड गॅस बंद करतो. आतली हवा अति तापली तर लिमिट स्विच आच तोडतो. म्हणून वास कधी सुरू झाला ते घड्याळ लावून बघायचं. ज्योत लागायच्या आधीच, नुसता ब्लोअर फिरत असताना आला तर गुन्हेगार मोटर किंवा वायरिंग. ज्योत लागल्यानंतर आला तर धूळ, गरम हवा नेणाऱ्या नळ्या किंवा त्या नळ्यांना टेकलेलं काहीतरी.

या सगळ्यात खाणारा गडी म्हणजे मोटर. १०० वॉटच्या मोटरला १२० व्होल्टवर एक अँपिअरसुद्धा लागत नाही, पण ट्रेलरच्या बॅटरीच्या १२ व्होल्टवर आठाच्या वर लागतात. हे आठ अँपिअर तासन् तास वाहतात. वाटेत एखादा जोड सैल झाला, ०.२ ओहमचा अडथळा तयार झाला, तर त्या एका जोडात सुमारे १३ वॉट उष्णता निघते. लहान सोल्डरिंग आयर्नच्या निम्मी, आणि तीही पेनाच्या टोपणाएवढ्या जागेत. तरीही फ्यूज उडत नाही, कारण फ्यूजला जास्त करंट कळतो, गरम झालेला जोड कळत नाही. ‘फ्यूज शाबूत आहे म्हणजे वायरिंग ठीक’ हा समज मीही कित्येक वर्षं बाळगला होता. फ्यूज उडत असेल तर त्या जागी मोठा टाकायचा नाही. तारच फ्यूजचं काम करायला लागेल.

म्हणून मल्टीमीटर हवाच. स्वस्तातला चालतो. बॅटरी पूर्ण भरलेली असावी, स्थिर असताना १२.६ व्होल्टच्या आसपास. ब्लोअर चालू असताना मीटरची एक सुई बॅटरीच्या धन टोकाला आणि दुसरी फर्नेसला जाणाऱ्या धन तारेला लावायची. मीटर जे दाखवेल तेवढे व्होल्ट वाटेत गळतायत. अर्ध्या व्होल्टपर्यंत मी मनावर घेत नाही, एकाच्या वर गेलं की शोध सुरू. मग फर्नेसकडची सुई एकेक टप्पा मागे आणायची: फर्नेसजवळचा जोड, फ्यूजचं घर, पॅनेलचा स्क्रू, बॅटरीजवळचा ब्रेकर. जिथे आकडा एकदम पडतो, तिथे बोट ठेवायचं. खरंखुरं बोट नाही, चटका बसेल. हेच सगळं ऋण बाजूनेही करायचं. ही बाजू बहुतेक जण विसरतात आणि आमचा बिघाड तिथेच होता. फर्नेसच्या मागे दोन तारा पिळून वर प्लास्टिकची टोपी फिरवलेली. रस्त्याच्या हादऱ्यांनी ती ढिली झाली होती. टोपी पिवळी होती, पण तोंडाशी बिस्किटासारखी तपकिरी झालेली, आणि आतलं तांबं काळं पडलेलं. ते काळं तांबं कापून टाकलं, ताजी तार सोलून क्रिम्प केली, म्हणजे धातूच्या जोडात घालून पक्कडीने दाबली, वरून गरम करून आवळणारी नळी चढवली. त्यानंतर गळती ०.३ व्होल्टवर आली. तो आकडा तारखेसह कपाटाच्या दाराला आतून मार्करने लिहून ठेवलाय.

पॅनेल उघडायच्या आधी केबल काढायची आणि बॅटरीही तोडायची, कारण तिथे १२० व्होल्टही असतात. स्क्रू आवळतानाच कन्व्हर्टरलाही, म्हणजे केबलच्या १२० व्होल्टचे १२ व्होल्ट करणाऱ्या पेटीलाही, हुंगून घ्यायचं. फर्नेस लागली की त्याच्यावरही बोजा येतो, तो तापतो, आणि त्याचा वास बिचाऱ्या फर्नेसच्या नावावर जातो. बॅटरीवर वास येत नाही पण केबल लावल्यावर येतो, असं झालं तर आधी कन्व्हर्टर आणि केबलचा प्लग बघा. प्लगची पाती काळवंडली असतील तर तो बदलायचाच.

मोटर चिरकत असेल, हळू फिरत असेल किंवा हाताने चाक फिरवताना अडकत असेल, तर ती जास्त करंट ओढते आणि तिच्या वेटोळ्यांवरचं वॉर्निश तापून वास येतो. अडकण्याचं कारण कित्येकदा उंदराचं घरटं असतं. उंदीर तारांचं आवरणही कुरतडतात. लेंड्या दिसल्या तर झाडू किंवा व्हॅक्यूम लावू नका. लेंड्यांची धूळ श्वासात जाऊन होणाऱ्या हंटाव्हायरसची साथ अमेरिकेत १९९३ साली ओळखली गेली ती इथेच, ॲरिझोनासह चार राज्यांच्या सीमा मिळतात त्या फोर कॉर्नर्स भागात. हातमोजे घालून एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी शिंपडायचं, पाच मिनिटं मुरू द्यायचं, मग ओल्या कागदाने पुसून घ्यायचं. बाहेरच्या धुराड्यात गांधीलमाशीने मातीचं घर केलंय का तेही टॉर्चने बघायचं. प्रोपेनच्या वासाकडे या माशा येतात असं म्हणतात.

ट्रेलरच्या जमिनीतल्या, गरम हवा येण्याच्या जाळ्या उचलून हात घालायचा. आमच्याकडे आतापर्यंत एक मेणखडू, एक मोजा आणि अर्धी चकली निघाली आहे. मेणखडूचा वास, खरं सांगतो, वायरीसारखाच येतो.

बर्नर, गॅसचा व्हॉल्व्ह आणि ज्योतीची पेटी यांना मी हात लावत नाही. तिथे परवानाधारक मेकॅनिकच हवा. आणि सेल स्विच किंवा लिमिट स्विचला तार लावून बगल देण्याचा सल्ला कुणी दिला तर त्याच्या ट्रेलरमध्ये झोपायला जाऊ नका.

घरच्या सगळ्यांना एकदा तालीम द्यायची. वायरचा वास आला की थर्मोस्टॅट बंद करणं पुरत नाही. त्यानंतरही आतली उष्णता बाहेर टाकायला ब्लोअर थोडा वेळ फिरतो, म्हणजे करंट चालूच. नुसता बॅटरीचा स्विच तोडूनही भागत नाही, केबल लावलेली असेल तर कन्व्हर्टर १२ व्होल्ट पुरवतच राहतो. म्हणून बाहेर पडायचं, केबल उपटायची, बॅटरी तोडायची, सिलिंडर बंद करायचा. धूर दिसला तर बाहेर पडून आधी ९११. आमच्याकडे केबल मुलीची, सिलिंडर माझा.

साउथ रिमच्या मॅदर कॅम्पग्राउंडमध्ये विजेची जोडणी नाही, ट्रेलर व्हिलेजमध्ये आहे. मॅदरला जाणार असाल तर बॅटरीचा हिशोब करून ठेवा. दहा तासांच्या रात्रीत ब्लोअर निम्मा वेळ फिरला तरी ४० अँपिअर-तास गेले. पहाटे व्होल्टेज पडतं, ब्लोअर मंदावतो, सेल स्विच ढकलला जात नाही आणि फर्नेस पेटत नाही. यात वास नसतो, नुसती थंडी असते. जास्तीच्या रजया तेवढ्यासाठीच घ्यायच्या. सोबत मीटर, दोन-तीन योग्य मापाचे फ्यूज, क्रिम्प, पक्कड आणि टॉर्च.

निघायच्या आदल्या पहाटे फर्नेस पुन्हा वीस मिनिटं चालवायची, पण या वेळी सामान भरून झाल्यावर. गेल्या वर्षी पहिल्या चाचणीत सगळं उत्तम होतं. दुसऱ्यात सातव्या मिनिटाला प्लास्टिकचा वास आला. फर्नेसच्या कपाटात, गरम नळीला टेकून, दिवाळीच्या उरलेल्या चिवड्याची पिशवी होती.