मेंबरशिप आहे, मग तिकीट का नाही? गर्दीवर मर्यादा असताना फुटबॉल चाहत्यांनी या चुका टाळा

"माका तिकीट गावतलाच मामा, मी क्लबाचो मेंबर आसंय!"

२०२० च्या नोव्हेंबरअखेरीस लंडनहून भाच्याचा फोन आला होता. कोरोनामुळे मार्चपासून बंद पडलेली इंग्लंडमधली स्टेडियमं डिसेंबरात थोड्या प्रेक्षकांसाठी उघडणार होती. भाचा वेंगुर्ल्याचा, तिकडे शिकायला गेलेला. सुट्टीच्या दिवशी काम करून साठवलेल्या पैशांतून त्याने आवडत्या क्लबची वर्षाची मेंबरशिप घेतली होती. कार्ड आलं, स्वागताचं पत्र आलं. तिकीट मात्र आलं नाही. तिकिटांच्या सोडतीत नाव घालायचा पर्यायच त्याच्या खात्यात दिसेना, कारण पहिला हक्क अख्ख्या मोसमाचं सीझन तिकीट घेतलेल्यांचा होता आणि जागा होत्या अवघ्या दोन हजार. नंतर दोन दिवस त्याने फोन उचलला नाही.

सावंतवाडीहून मडगावला मॅच बघायला जाणारी आमची दहा-बारा जणांची मंडळी आहे. भाच्याची चूक त्यातल्या निम्म्यांनी कुठल्या ना कुठल्या रूपात केली आहे. साथ ओसरली, पण गर्दीवरच्या मर्यादा अजून येतात. कधी स्टँडची दुरुस्ती निघते, कधी पोलीस परवानगी अडते. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

मेंबरशिप म्हणजे रांगेत उभं राहायचा हक्क

कोकणातल्या माणसाला हे पटकन कळेल. आयआरसीटीसीचं खातं असलं म्हणून गणपतीत बर्थ मिळतो का? खातं असेल तर खिडकी उघडल्यावर धडपड करता येते, एवढंच. क्लबची साधी मेंबरशिप तशीच आहे. मोसमभर ठरलेली खुर्ची असते ती सीझन तिकीटवाल्याची. त्याच्या मागे बहुतेक ठिकाणी आधीच्या मोसमात जास्त सामने पाहिलेले, मग साधे मेंबर आणि उरलंच काही तर बाकीचे. स्टेडियम पूर्ण उघडं असताना ही उतरंड फारशी जाणवत नाही. जागा घटल्या की सगळं तिच्यावरच ठरतं.

आकडेच बघा. डिसेंबर २०२० मध्ये इंग्लंडमध्ये भागाभागातल्या संसर्गाप्रमाणे तीन टप्पे होते. सगळ्यात कमी धोक्याच्या भागात ४,००० प्रेक्षक, मधल्या भागात २,००० आणि वरच्या टप्प्यात एकही नाही. मँचेस्टर वरच्या टप्प्यात होतं, म्हणून तिथल्या दोन्ही मोठ्या क्लबांची मैदानं रिकामीच राहिली. लिव्हरपूल मधल्या टप्प्यात होतं. ६ डिसेंबरला वुल्व्हज संघाविरुद्धच्या सामन्याला लिव्हरपूलच्या ॲनफिल्ड मैदानावर २,००० माणसं बसली. त्या स्टेडियमची क्षमता तेव्हा ५४ हजारांच्या आसपास होती. म्हणजे एका खुर्चीत माणूस आणि पंचवीसेक खुर्च्या रिकाम्या. आता साध्या मेंबरचा नंबर कुठून लागणार?

मे २०२१ मध्ये मोसमाच्या शेवटच्या फेऱ्यांना मर्यादा वाढली. १०,००० किंवा क्षमतेच्या पाव भाग, यांतला जो आकडा कमी असेल तो. पण तीही फक्त यजमान संघाच्या चाहत्यांसाठी. पाहुण्या संघाच्या मेंबरांना एकही जागा नव्हती. "आमचा संघ शेजारच्याच शहरात खेळतोय, जाऊया" असं ठरवलेल्यांची तिथेच निराशा झाली.

म्हणून पैसे भरण्याआधी क्लबच्या नियमांत दोन गोष्टी शोधा. तिकिटांचा प्राधान्यक्रम काय आहे, आणि प्रवेश कमी झाला तर मेंबरशिपची मुदत वाढते की नाही. दुसऱ्याचं उत्तर लिहिलेलं नसेल तर "नाही" असंच धरून चाला. जर्सीवरच्या सवलतीसाठी किंवा क्लबवरच्या प्रेमापोटी मेंबरशिप घ्यायची तर जरूर घ्या. तिकिटाच्या भरवशावर घेऊ नका.

आपल्याकडे तर रांगच नव्हती. २०२०-२१ चा इंडियन सुपर लीगचा अख्खा मोसम गोव्यात झाला, मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर, बांबोळीला आणि वास्कोच्या टिळक मैदानावर, आणि सगळा प्रेक्षकांविना. १३ मार्च २०२१ ला मुंबई सिटीने फातोर्ड्यावर एटीके मोहन बागानला २-१ ने हरवून पहिल्यांदा विजेतेपद मिळवलं. नव्वदाव्या मिनिटाला बिपिन सिंगने गोल केला तेव्हा स्टँडमध्ये ओरडायला कोणी नव्हतं. गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीच्या अलीकडे, फातोर्ड्याहून दोन तासांवर, आम्ही टीव्हीसमोर बसून होतो. त्या संध्याकाळची हळहळ अजून गेलेली नाही.

नाव तीन ठिकाणी तीन तऱ्हेचं

सगळ्यात जास्त माणसं इथे अडकतात. आधारवर पूर्ण नाव, मधे वडिलांचं. क्लबच्या खात्यात नुसतं नाव-आडनाव. साथीत लसीचं प्रमाणपत्रही लागायचं, त्यावर गावच्या शिबिरात घाईत टाइप झालेलं काहीतरी. आमच्यात एका गावडेंच्या आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग एका कागदावर डब्ल्यूने आहे, दुसऱ्यावर व्हीने. घरी कोणाला त्याचं काही वाटत नाही. पण गेटवरचा मुलगा रोजंदारीवर आलेला असतो. समोरच्या दोन कागदांवरची अक्षरं जुळतात का, एवढंच बघायला त्याला सांगितलेलं असतं. त्याच्याशी वाद घालून काही होत नाही, मागची रांग तेवढी तापते.

कोविनवर नाव आणि जन्मवर्ष दुरुस्त करायची सोय होती. ती बहुतेकांना आठवली ती सामन्याच्या आदल्या रात्री. खातं उघडतानाच ओळखपत्र समोर ठेवा आणि त्यावर आहे तसंच, अक्षर न बदलता नाव भरा. परदेशी क्लब असेल तर पासपोर्टवरचं नाव धरा.

तारखांचंही तसंच. ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबईच्या लोकलसाठी दुसऱ्या डोसनंतर १४ दिवस पूर्ण हवेत असा नियम होता, तो चाकरमान्यांना तोंडपाठ आहे. पुन्हा तशी वेळ आली तर स्टेडियमच्या पासलाही अशीच दिवसांची अट असू शकते. चाचणीचा अहवाल लागत असेल तर तास नमुना दिल्यापासून मोजायचे की अहवाल हातात आल्यापासून, हे आधी वाचून घ्या. मे २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने गोव्यात शिरायला ७२ तासांच्या आतला निगेटिव्ह अहवाल लागत होता. माझा चुलतभाऊ मडगावला कामाला निघाला आणि नाक्यावरून परत आला. पहाटे निघायच्या ऐवजी दुपारी निघाला, तेवढ्यात मुदत उलटली होती.

दुसऱ्याकडून घेतलेलं तिकीट

२० मार्च २०२२, रविवार. इंडियन सुपर लीगचा हैदराबाद आणि केरळ ब्लास्टर्स यांच्यातला अंतिम सामना, फातोर्डा, आणि प्रेक्षकांना पूर्ण प्रवेश. दोन वर्षांनी! शिमग्याचे दिवस होते, आमच्यातल्या दोघांच्या कानामागे अजून गुलाल होता. बाहेर सगळीकडे केरळचा पिवळा रंग.

गेटवर आमच्या पुढे कुडाळचा एक मुलगा होता, विशीतला. व्हॉट्सॲपवरच्या अनोळखी माणसाकडून त्याने दुप्पट पैशांत तिकीट घेतलं होतं. तिकीट म्हणजे क्यूआर कोडचा फोटो. यंत्रासमोर धरला, लाल. पुसून धरला, पुन्हा लाल. तो कोड आधीच कोणीतरी वापरला होता. असा फोटो एकाला विकतात तसा पाच जणांनाही विकतात, आणि जो आधी पोचतो तोच आत जातो. पोराने काही तक्रार केली नाही. बाजूला झाला आणि भिंतीला टेकून उभा राहिला.

आत राहुल के. पी. ने केरळला पुढे नेलं. ८८ व्या मिनिटाला गोव्याच्या साहिल ताव्होराने बरोबरी केली. पेनल्टीत गोव्याच्याच लक्ष्मीकांत कट्टीमणीने तीन फटके अडवले आणि हैदराबाद जिंकलं. बाहेर आलो तेव्हा तो मुलगा तिथेच होता. निकाल त्याला आवाजावरून कळला होता.

तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो: क्लबने किंवा आयोजकांनी जाहीर केलेल्या जागेखेरीज कुठेही पैसे देऊ नका. नात्यातला माणूस जाणार नसेल आणि तिकीट देत असेल, तर ते क्लबच्या खात्यातून रीतसर तुमच्या नावावर करून घ्या. इंग्लंड आणि वेल्समध्ये परवानगीशिवाय फुटबॉलचं तिकीट विकणं १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. क्लबही अशा मेंबरचं खातं बंद करतात. तिथले मोठे क्लब आता तिकीट थेट फोनच्या वॉलेटमध्ये देतात, त्याचा स्क्रीनशॉट गेटवर चालत नाही. पास घरीच, वायफायवर उतरवून ठेवा आणि फोन पूर्ण चार्ज करून निघा. गर्दीत नेटवर्क बसतं.

ऐनवेळी अडणारं कार्ड

खिडकी उघडायची वेळ परदेशी असते. ब्रिटन आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेपाच तास मागे, उन्हाळ्यात साडेचार. तिकडचे सकाळचे दहा म्हणजे आपले साडेतीन किंवा अडीच. मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटी घड्याळ बदलतं, तेव्हा खास लक्ष ठेवा.

पैसे भरताना कार्ड नाकारलं गेलं तर बहुधा क्लबचा दोष नसतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे ऑक्टोबर २०२० पासून नव्या कार्डांवर परदेशी व्यवहार आपोआप सुरू नसतात. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन तो पर्याय आदल्या दिवशी सुरू करा, मर्यादा टाका, काम झालं की बंद करा.

एकत्र अर्ज करत असाल तर प्रत्येकाची पात्रता तपासा. बऱ्याच सोडतींत गटातला एक जण अपात्र निघाला की अख्खा गट बाद होतो. साथीत अंतर ठेवून बसवायचे तेव्हा शेजारच्या खुर्च्या बहुधा एका घरातल्यांनाच मिळायच्या.

प्रवास आणि परतावा

तिकीट हातात येण्याआधी गाडी-हॉटेलचे परत न मिळणारे पैसे भरू नका. डिसेंबर २०२१ मध्ये इंग्लंडमध्ये खेळाडूंनाच लागण झाल्याने सामन्यामागून सामने पुढे गेले. १५ डिसेंबरचा बर्नली-वॉटफर्ड सामना सुरू व्हायच्या काही तास आधी पुढे ढकलला गेला, तेव्हा माणसं वाटेत होती.

फातोर्ड्याचा सामना साडेसातला सुरू झाला आणि जादा वेळ, पेनल्टी झाली, तर बाहेर पडायला साडेदहा वाजतात. रात्रीच दुचाकीवरून परत यायचा हट्ट करू नका. त्या अंतिम सामन्यासाठी केरळहून मोटारसायकलने निघालेले दोन तरुण चाहते कासरगोड जिल्ह्यात अपघातात गेले. मडगावला मुक्काम करा, नाहीतर चार जण मिळून गाडी करा आणि चालवणाऱ्याला दुपारी झोपू द्या.

सामना पुढे गेला तर जुनं तिकीट बहुधा नव्या तारखेला चालतं. नव्या तारखेला जमत नसेल तर परतावा मागायला ठरावीक दिवस असतात, आणि ती सूचना फक्त ईमेलवर येते. ज्या ईमेलवर खातं उघडलं, तो पासवर्डसकट लक्षात असू द्या. आमच्यातल्या एकाने कॉलेजच्या ईमेलवर खातं उघडलं होतं. कॉलेज संपलं, ईमेल बंद झाला. परताव्याची मुदत त्याला कळली ती तीन आठवड्यांनी, दुसऱ्याच्या फोनवर.