ऋषीची भाजी ६० जणींच्या पंगतीसाठी: अळू खाजू न देता कशी करायची

भाद्रपद आला की ऋषीच्या भाजीच्या रेसिप्या फिरायला लागतात आणि त्यातल्या निम्म्या वाचून मला रागच येतो, कुणी त्यात जिऱ्या-मोहरीची फोडणी देतं, कुणी गूळ घालतं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे "अळू धुवून चिरून घ्या, सगळ्या भाज्या एकत्र करून कुकरला दोन शिट्ट्या काढा". घरी चार माणसांत हे एखाद्या वर्षी खपूनही जाईल. पण आमच्याकडे ऋषिपंचमीला वाडीतल्या बायका देवळात एकत्र पूजा करतात आणि तिथेच पंगतीला बसतात, साधारण ६० पानं होतात, आणि ती भाजी गेली कित्येक वर्षं माझ्याकडे आहे. तेव्हा मी करते तशी सांगते.

आधी नियम, कारण साहित्य त्याच्यावर ठरतं. या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही. म्हणजे नांगरलेल्या शेतातलं धान्य नाही, कडधान्य नाही, जे काही परसात, दारात, कुंपणावर, हाताने कुदळून खुरपून आलंय तेवढंच. तेल नाही कारण घाणा बैल ओढायचा, गूळ नाही कारण उसाचा चरकही बैलच फिरवायचा. हळद, मोहरी, जिरं शेतातलं म्हणून नाही. राहिलं काय, तर भाज्या, हिरवी मिरची, नारळ, आंबट आणि मीठ. मीठ आम्ही शिरोड्याच्या मिठागरातलं जाडं घेतो (१९३० चा मिठाचा सत्याग्रह झाला तेच शिरोडं). शेंगदाणे बरेच जण घालतात, आम्ही नाही घालत, परसात भुईमूग लावला असेल तर खुशाल घाला. या व्रतामागे विटाळाची जी कहाणी सांगतात ती मला पटत नाही आणि मी ती वाचतही नाही, सप्तर्षी आणि अरुंधतीची पूजा करायची आणि एक दिवस बैलाच्या मानेवर जू न ठेवता जेवायचं, मला एवढं पुरतं आणि तेवढ्यासाठी मी हे मनापासून करते.

६० जणींसाठी निवडून साफ केलेला माल असा: अळू पानं-देठ मिळून ३ किलो, लाल माठ देठांसकट २ किलो, लाल भोपळा ४ किलो, पडवळ आणि शिराळी (दोडकी) दीड-दीड किलो, भेंडी १ किलो, चवळीच्या कोवळ्या शेंगा १ किलो, कच्ची केळी डझनभर, मक्याची कोवळी कणसं १५, मिरच्या १०० ग्रॅम, नारळ ८, चिंच २०० ग्रॅम, अंबाडे (आंबट फळं, अंबाडीची भाजी नव्हे) २५-३०. अंबाडे याच दिवसांत मिळतात, मिळाले तर सोडू नका, त्यांच्या आंबटाला जो वास असतो तो चिंचेला नाही. सुरण मी घालत नाही. पुष्कळ जणी घालतात हे मला माहितीये, पण चाखता न येणाऱ्या टोपात दोन-दोन खाजऱ्या वस्तू कशाला?

चाखता न येणाऱ्या, हे महत्त्वाचं. ही भाजी आधी नैवेद्याला जाते, त्याआधी ती उष्टी करायची नाही, म्हणजे मीठ बघायचं नाही, आंबट बघायचं नाही आणि अळू खाजतंय का तेही बघायचं नाही. घरी आपण सहज पळीभर तळहातावर घेऊन चाखतो, इथे तो दरवाजाच बंद. म्हणून देवळातल्या ऋषीच्या भाजीचं सगळं कसब अळवात आहे, बाकी भाजी कुणालाही जमते.

मी हे कसं शिकले ते सांगते. पहिल्या वर्षी माझ्याकडे काम आलं तेव्हा प्रत्येक घरातून अळवाची एक-एक जुडी आली, मी सगळ्या एकत्र चिरल्या, सगळ्या भाज्यांबरोबर टोपात घातल्या, चिंच शेवटी घातली कारण घरी वरण-आमटीला आंबट शेवटीच घालतो. भाजी दिसायला सुरेख झाली होती. पंगत बसली, पहिल्या वाढीला कुणी काही बोललं नाही, आणि मग एकेक जण खाकरायला लागली. एका म्हाताऱ्या आजींचे ओठ लाल झाले, त्या दिवसभराच्या उपाशी, त्यांनी पान तसंच पुढे सरकवलं आणि काही न बोलता पाणी पीत बसल्या. ते पान मला अजून दिसतं. माझ्या चुलत सासूबाई तेव्हा होत्या, त्यांनी मागच्या दारी नेऊन एवढंच सांगितलं, "आधी अळवाक आंबट घाल, मगे बाकीचा बघ." रागावल्या नाहीत, पण दुसऱ्या वर्षी स्वतः चुलीपाशी येऊन बसल्या.

तर अळवाचं नीट समजून घ्या. पानात आणि देठात कॅल्शियम ऑक्सलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते जिभेला घशाला टोचतात, ती ती खाज. सगळं अळू सारखं खाजत नाही. एका परसातलं लोण्यासारखं असतं, शेजारच्या परसातलं, दिसायला अगदी तसंच, तोंडात धरवत नाही. पान बघून ओळखता येतं असं कुणी सांगितलं तर त्यांच्यावर विसंबू नका, काळे देठ हिरवे देठ वगैरे सगळं मी करून बघितलंय. एकच खात्रीचा उपाय म्हणजे आधी शिजवून बघणं. मी आठ दिवस आधी ज्या ज्या घरून अळू येणार त्या प्रत्येक परसातली चार-चार पानं आणते, वेगवेगळी शिजवते आणि खाऊन बघते. खाऊन लगेच "ठीक आहे" म्हणायचं नाही हां, खाज थोडी उशिरा कळते, घास गिळून पाच मिनिटं गप्प बसायचं, पाणी पण प्यायचं नाही. ज्या परसातलं खाजलं त्या घरून अळू घ्यायचं नाही, त्यांना भोपळा आणायला सांगायचं. एखादीला वाईट वाटतं, वाटू दे. १५ किलो भाजी एका जुडीने वाया जाते.

अळू आदल्या दिवशी संध्याकाळी काढून सावलीत पसरून ठेवायचं, पानं रात्रभर मलूल होऊ द्यायची. ताजं ताजं म्हणून सकाळी काढलेलं अळू लगेच चिरायचा हट्ट धरू नका, बाकी सगळ्या भाज्या सकाळच्या हव्यात, अळू नको. धुऊन पूर्ण निथळू द्या, ओल्या हाताने अळू चिरलं की हात जास्त खाजतात. हाताला सगळे तेल लावायला सांगतात पण या दिवशी तेल नाही, म्हणून मी चिंचेचा घट्ट कोळ बोटांना, तळव्याला आणि मनगटापर्यंत चोळते आणि सुकू देते. देठांचं वरचं पातळ साल दोरासारखं ओढून काढायचं, पूर्ण, कंटाळा करायचा नाही. पानाची मधली जाड शीर सोलून मग विळीवर बारीक चिरायचं.

आता शिजवणं. अळू वेगळ्या टोपात शिजतं, एकटं. याचं कारण कुठल्याच रेसिपीत लिहिलेलं नसतं म्हणून सांगते: अळवाला आंबट पहिल्यापासून हवं आणि भरपूर वेळ हवं, आणि बाकीच्या भाज्यांना, म्हणजे मका, केळी, चवळीच्या शेंगा, माठाचे देठ, यांना आंबट आधी लागलं की त्या दडदडीत राहतात, तासभर शिजवा तरी मऊ होत नाहीत. म्हणजे एकाच टोपात दोघांचं भलं होऊच शकत नाही. चिंच आधी घातली तर मका कच्चा, शेवटी घातली तर अळू खाजरं. माझ्या पहिल्या वर्षाची चूक नेमकी हीच होती आणि कुकरवाल्या रेसिपींची पण हीच.

टोप स्टीलचा घ्या किंवा चांगली कल्हई असलेला. देवळातली जुनी पितळी भांडी मोठी असतात म्हणून मोह होतो, पण कल्हई गेलेल्या पितळेत चिंच घालायची नाही म्हणजे नाही. २०० ग्रॅममधला १५० ग्रॅम चिंचेचा कोळ (हाताला लावलेला सोडून) दोन लिटर पाण्यात घालून आधी खळखळून उकळी आणा, मगच त्यात चिरलेलं अळू सोडा, देठ आधी, पानं मागाहून, कारण पानं टोपभर दिसतात आणि दहा मिनिटांत तळाला बसतात. झाकण ठेवून ४५ मिनिटं. अर्धा तास नाही, ४५. मध्ये मध्ये ढवळायचं, पाणी कमी झालं तर गरमच घालायचं. रंग बघत राहा: पहिल्यांदा हिरवंगार असतं, मग काळपट, आणि शेवटी शेवाळी होतं. शेवाळी झाल्याशिवाय खाली उतरवायचं नाही. नंतर रवीने घोटायचं.

चाखता येत नाही तर झालं कसं ओळखायचं? एक देठ पळीत घ्या, गार करा, आंगठा आणि बोटामध्ये दाबा. रेषा लागली, तुकडा निसटला, तर अजून दहा मिनिटं. साईसारखा पसरला पाहिजे. मग तोच गोळा मनगटाच्या आतल्या बाजूला, चिंच न लावलेल्या जागी, चोळून ठेवते आणि पाच मिनिटं दुसरं काम करते. जरा जरी चुणचुण वाटली तर आणखी चिंचेचा कोळ आणि आणखी पंधरा मिनिटं. सोडा घालू नका. सोड्याने पान लवकर गळतं, शिजल्यासारखं दिसतं आणि तुम्ही फसता, शिवाय चिंचेचं आंबट मारलं जातं, म्हणजे जे औषध घातलं तेच काढून घेतलं.

दुसरा टोप सोपा आहे. कणसांचे कापे आणि चवळीच्या शेंगा आधी, त्या अर्ध्या झाल्या की माठाचे देठ आणि केळी, मग भोपळा, पडवळ, शिराळी, माठाचा पाला, मिरच्या. पाणी बेताचं, शिराळी पडवळाला स्वतःचंच सुटतं.

दोन्ही तयार झाले की अळू या टोपात ओतायचं, आंबट घोटलेलं अळू सगळ्या भाजीला धरून घेतं. भेंडी आणि ठेचलेले अंबाडे आता घालायचे, भेंडी आंबटात पडली की तार सुटत नाही. गूळ नाही म्हणून कुणीतरी दरवर्षी हळहळतं, पण ४ किलो भोपळा आणि कोवळा मका कशासाठी आहे, अर्धा भोपळा विरघळेपर्यंत शिजू दिला की त्याची गोडी चिंचेला बरोबर सावरते, फक्त भोपळा तांबडा आणि पिकलेला हवा.

मीठ अंदाजाने नको, वजनाने. एवढ्या भाजीला मी १५० ग्रॅम घालते, ते किंचित कमीच पडतं आणि कमीच पडायला हवं, पानात मीठ वाढायचं असतंच. पंधरा मिनिटं एकत्र उकळलं की ओलं खोबरं, एक उकळी, बंद. फोडणी नाही. वरून तूपही नाही, निदान नैवेद्याच्या भाजीत तरी नाही.

सोबत वरीचे तांदूळ, मोकळे नको, जरा आसट, भाजी त्यात मुरली पाहिजे. देवभात मिळाला तर फारच उत्तम, तो तळ्याकाठी आपोआप उगवतो, पण हल्ली सगळीकडे मिळत नाही.

नैवेद्य दाखवून झाला की पंगत लगेच वाढू नका. पहिला घास मी घेते, सगळ्या बायका हात धुऊन बसलेल्या असतात, भुका लागलेल्या असतात, तरी मी पाच मिनिटं थांबते. काही झालं नाही तर वाढायला सांगते. घशाला जरा जरी लागलं तर टोप परत चुलीवर, वाटीभर आगळ (कोकमाचा आंबट रस) आत, आणि वीस मिनिटं सगळ्यांना थांबायला सांगायचं. आगळाची बाटली आणि खोबऱ्याचे तुकडे मी चुलीजवळ तयारच ठेवते, कुणाला चुकून खाज आलीच तर पाणी देऊ नका, खोबरं चावायला द्या आणि आगळाचा घोट. तीन वर्षं ती बाटली उघडावी लागलेली नाही.