खरचटलेली नडगी, कोरफड आणि मंडूकपर्णी

नडगीचं सालपट निघालं होतं. जखम उथळ, पण खपली सारखी तडकायची आणि कडेनं पुन्हा रक्त यायचं. पू, ताप असलं काही नव्हतं. असतं तर मी झाडपाल्याच्या नादी लागलोच नसतो.

आधी वाहत्या पाण्यानं धुणं, ते झालंच. मग कोरफड. पान कापलं की बुडाशी पिवळा, कडवट चीक गळतो. तो कातडीला झोंबतो. म्हणून पान उभं ठेवून चीक पूर्ण निथळू दिला, साल काढली, बुळबुळीत गर धुतला. घरचा गर निर्जंतुक नसतो, त्यामुळे तो फक्त भोवतालच्या कोरड्या, न फुटलेल्या कातडीवर. उघड्या भागावर मंडूकपर्णी या औषधी वनस्पतीच्या अर्काचं तयार मलम, पातळ थर, वर न चिकटणारी पट्टी. या अर्कातलं एशियाटिकोसाइड हे द्रव्य कोलॅजन, म्हणजे कातडीला बळ देणारं प्रथिन, तयार व्हायला मदत करतं.

निम्मं श्रेय मात्र मी ओलाव्याला देईन. झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी त्वचा लवकर चढते, हे संशोधक जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्ये डुकरांवरच्या प्रयोगात दाखवलं. त्यामुळे ‘जखमेला वारा लागू दे’ हा सल्ला कानाआड केला. हळदही टाळली, तिची पूड पाण्यात विरघळत नाही, जखमेत नुसती रुतून बसते.

खपली तडकणं थांबलं, कडांकडून गुलाबी कातडी आत सरकत आली. मलम आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा, मंडूकपर्णीनंही काहींना खाज सुटते. मधुमेह असेल, जखम खोल असेल किंवा कडा लाल होऊन ठणकत असतील, तर सरळ डॉक्टर गाठा.