भाडेकरू वारल्यावर घराचं काय करायचं

भाडेकरू वारला म्हणून घर त्याच दिवशी मालकाच्या ताब्यात येत नाही. त्याची आतली प्रत्येक वस्तू आता वारसांची आहे. जोडीदार किंवा सहभाडेकरू तिथे राहत असेल, तर कुलूप लावायचा प्रश्नच नाही. पुढचा करार कोणाच्या नावे, एवढंच त्यांच्याशी बोला, तेही चार दिवस जाऊ देऊन.

एकटा माणूस घरातच गेला असेल, तर आधी पोलिसांना कळवा. ते येईपर्यंत औषधं, फोन, अंथरूण, काही हलवू नका. त्यांनी परवानगी दिली की दोन त्रयस्थ साक्षीदार घेऊनच आत जा. गॅस आणि पाणी बंद करा, मीटरचे आकडे तारखेसह टिपा. विजेचं मेन स्विच मात्र घाईनं पाडू नका. भरलेला फ्रीज बंद पडून काही दिवस तसाच राहिला, की वास दाराच्या रबरात मुरतो आणि मग जाता जात नाही. आधी फ्रीज रिकामा करून पुसा, दार उघडं ठेवा, मग वीज बंद करा.

प्रत्येक खोलीचे चारही कोपऱ्यांतून फोटो घ्या, मग कपाटं उघडून आतले. रोकड आणि दागिने साक्षीदारांसमोर मोजून पाकिटात घाला, चिकटवलेल्या कडेवर सगळ्यांच्या सह्या घ्या. जादा चाव्या कोणाकडे असतील सांगता येत नाही, म्हणून कुलूप बदला.

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो: पहिला नातेवाईक रडत येतो, मालकाला भरून येतं, सामान दिलं जातं, आणि महिन्याभरानं दुसरा वारस दारात उभा राहतो. भाडेकरूनं दिलेलं कुलमुखत्यारपत्र, म्हणजे त्याच्या वतीनं व्यवहार करायचा अधिकार, दाखवलं तरी ते मृत्यूबरोबरच संपलेलं असतं. मृत्यूचा दाखला आणि वारस असल्याचा कायदेशीर कागद पाहूनच, यादीवर सही घेऊन सामान द्या. तातडीची औषधं-कागद किंवा पाळीव प्राणी यांच्यासाठी अडवून धरू नका; तेवढ्याची वेगळी पोचपावती घ्या.

मृत्यू उशिरा लक्षात आला असेल, तर गादी, गालिचा ठेवण्यात अर्थ नसतो. वारसांना विचारून काढून टाका. मृतदेहातला द्रव फरशीच्या सांध्यांत उतरलेला असतो, वरून रंग मारून वास थांबत नाही. असं काम प्रशिक्षित सफाईवाल्यांनाच द्या. किरकोळ डाग असेल, तर हातमोजे घालून आधी साबणानं धुवा, कारण मळ राहिला तर ब्लीच निकामी ठरतं. मग एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी, दहा मिनिटं ओलं ठेवा. त्यात ॲसिड किंवा अमोनिया कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो.

अनामत रकमेचा हिशोब शेवटी, लेखी. थकलेलं भाडं आणि खरी मोडतोड वजा करा. उडालेला रंग, झिजलेली फरशी नाही.