सामायिक प्रिंटर ‘ऑफलाइन’ दिसतो तेव्हा

गोव्यात पावसाळा सुरू झाला आणि वीज ये-जा करू लागली की फोंडा, डिचोली, म्हापशाच्या कार्यालयांत एक तक्रार हमखास ऐकू येते: संगणक सुरू झाले, इंटरनेटही आले, पण प्रिंटर मात्र ‘ऑफलाइन’ दाखवतो. अशा वेळी ड्रायव्हर (संगणकाला प्रिंटर चालवता येण्यासाठीचे सॉफ्टवेअर) काढून पुन्हा टाकण्याची घाई करू नये. अडचण एकाच संगणकावर आहे की सर्वांवर, हे आधी पाहावे, कारण पुढचा सगळा शोध त्यावरच ठरतो.

सर्वांचीच छपाई अडली असेल तर प्रिंटरच्या लॅन (नेटवर्क) केबलजवळचा दिवा पाहावा. तो लागत नसल्यास केबल नेटवर्क स्विचच्या (सर्व नेटवर्क केबल जोडलेल्या पेटीच्या) दुसऱ्या पोर्टात, म्हणजे खाचेत, लावून पाहावी. विजांच्या कडकडाटात एखादाच पोर्ट निकामी होऊन बाकीचे चालू राहू शकतात. दिवा लागत असेल तर प्रिंटरच्या पॅनेलवरून नेटवर्क माहितीचे पान छापावे आणि त्यावरील आयपी पत्ता (नेटवर्कवरील प्रिंटरचा क्रमांक) वाचावा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर प्रिंटरला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही. राउटर पूर्ण सुरू झाल्यावर प्रिंटर बंद करून पुन्हा चालू करावा.

बहुतेक वेळा मात्र पत्ता मिळालेला असतो, पण तो बदललेला असतो. वीज गेल्यानंतर राउटर नव्याने पत्ते वाटतो आणि संगणक जुन्याच पत्त्यावर छपाई पाठवत राहतात. विंडोजच्या प्रिंटर प्रॉपर्टीजमधील ‘पोर्ट्स’ या भागात (येथे पोर्ट म्हणजे छपाई कुठे पाठवायची याची नोंद) नोंदलेला पत्ता छापलेल्या पानाशी ताडून पाहावा. तेथे ‘डब्ल्यूएसडी’ (प्रिंटर आपोआप शोधणारा) पोर्ट दिसल्यास त्याऐवजी ‘स्टँडर्ड टीसीपी/आयपी’ (ठरावीक आयपी पत्त्यावर छपाई पाठवणारा) पोर्ट जोडावा, आणि राउटरमध्ये त्या प्रिंटरसाठी पत्ता कायमचा राखून ठेवावा. दर पावसाळ्यातील धावपळ थांबवणारा याहून चांगला उपाय मला माहीत नाही. पत्ता बरोबर असून, पिंग केल्यावर (त्या पत्त्यावर चाचणी संदेश पाठवल्यावर) उत्तर येऊनही प्रिंटर ‘ऑफलाइन’ राहिला, तर पोर्टच्या सेटिंगमधील ‘एसएनएमपी स्टेटस’ची (प्रिंटरची स्थिती विचारण्याच्या सोयीची) खूण काढून पाहावी.

प्रिंटर एखाद्या कर्मचाऱ्याच्या संगणकाला जोडून शेअर केलेला असेल तर तो संगणक चालू हवा, ‘स्लीप’मध्ये गेलेला नसावा, त्याचे नेटवर्क ‘प्रायव्हेट’ असावे आणि फाइल व प्रिंटर शेअरिंग सुरू असावे.

छापायची कामे रांगेत अडकून पडली असतील तर ‘सर्व्हिसेस’मध्ये जाऊन ‘प्रिंट स्पूलर’ (छपाईची रांग सांभाळणारी सेवा) थांबवावा, विंडोजच्या सिस्टम३२ फोल्डरमधील ‘स्पूल’ व त्यातील ‘प्रिंटर्स’ फोल्डर उघडून आतील फाइली पुसाव्यात (फोल्डर नव्हे) आणि स्पूलर पुन्हा सुरू करावा. यात सर्वांची प्रलंबित कामे नाहीशी होतात, म्हणून सहकाऱ्यांना आधी कळवावे.

शेअर केलेला प्रिंटर जोडताना क्रमांकाच्या शेवटी ‘११बी’ (11b) असलेला एरर आला तर त्याचे मूळ बहुधा सप्टेंबर २०२१ पासून कडक झालेल्या विंडोजच्या सुरक्षा तपासणीत असते. रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जच्या नोंदवहीत) बदल करून ती तपासणी बंद करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो मानू नये, कारण त्यामुळे प्रिंटर शेअर करणाऱ्या संगणकाचे संरक्षण कमी होते. दोन्ही संगणकांवर सर्व अद्ययावत अपडेट्स घ्यावेत, आणि तरीही न जमल्यास प्रिंटर थेट त्याच्या आयपी पत्त्यावरून जोडावा. त्यासाठी नवा ड्रायव्हर टाकावा लागला तर मात्र प्रशासकाचे अधिकार असलेल्या व्यक्तीलाच बोलवावे लागेल.