जुन्या डबड्यावर लिनक्सचा होम सर्व्हर चालवताय? मग या चुका टाळा

ऑफिसच्या भंगारातून उचललेला थिन क्लायंट (छोटा, कमी ताकदीचा पीसी), ॲप चालेनाशी झाली म्हणून टीव्हीमागून काढलेला अँड्रॉइड बॉक्स, नाहीतर ड्रॉवरमध्ये धूळ खात पडलेला रास्पबेरी पाय ३ (तळहाताएवढा कॉम्प्युटर बोर्ड, पुढे नुसतं 'पाय'). यावर डेबियन किंवा आर्मबियन (दोन्ही लिनक्सचेच प्रकार) टाकायचं, जाहिराती अडवायला पायहोल, घरच्या फोटोंसाठी सांबा शेअर (नेटवर्कवरचं सामायिक फोल्डर), झालंच तर सिनेमे बघायला जेलीफिन. काही दिवस सगळं मस्त चालतं आणि मग एका सकाळी डबडं गप. पिंगला उत्तर नाही, एसएसएच (दुसऱ्या मशिनवरून लॉगिन) नाही, लाइट मात्र लुकलुकतोय. अशा वेळी दहातले आठ जण एसडी कार्ड काढून सरळ नवीन इमेज (सिस्टमची तयार कॉपी) फ्लॅश करायला बसतात, आणि हीच सगळ्यात मोठी चूक आहे, कारण बिघाड कशाने झाला त्याचा पुरावा लॉगमध्ये (मशिनच्या नोंदवहीत) असतो आणि तोच तुम्ही पुसून टाकता. मग पंधरा दिवसांनी परत तेच.

माझं मत विचाराल तर या छोट्या मशिनांत लिनक्सचा स्वतःचा दोष क्वचितच असतो. आधी करंट बघा, मग कार्ड आणि डिस्क, मग बूटलोडर (सिस्टम सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम), आणि यातलं काहीच नसेल तर मग खुशाल लिनक्सला शिव्या द्या.

पिन बसते म्हणून ॲडॅप्टर लावू नका

टीव्ही बॉक्सला बहुतेक वेळा ५ व्होल्ट लागतात, राउटरचा ॲडॅप्टर असतो १२ व्होल्टचा, आणि पिन दोघांची तशीच गोल, आरामात आत जाते. आमच्या सोसायटीतल्या एका पोराने लाइट गेल्यावर राउटरचा मिनी यूपीएस काढून बॉक्सला जोडला. टक् असा बारीक आवाज आला, जळका वास आला, खेळ खल्लास. थिन क्लायंट घेतानाही हे बघा, डेलच्या वाइज ३०४० चे काही पीस ५ व्होल्टचे आहेत आणि काही १२ व्होल्टचे, मॉडेल एकच. जुना माल विकणारा हाताला लागेल तो ॲडॅप्टर पिशवीत टाकून देतो, तेव्हा मशिनच्या मागचं स्टिकर वाचल्याशिवाय प्लग लावायचा नाही.

व्होल्टेज बरोबर असलं तरी अँपिअर कमी पडतात हा दुसरा आणि जास्त फसवा प्रकार. पाय ३ ला चांगला २.५ अँपिअरचा सप्लाय लागतो, पाय ४ ला ३ अँपिअरचा, आणि लोक लावतात मोबाइलचा जुना चार्जर, त्यात ती लांबलचक बारीक केबल. चार्जरवर ५ व्होल्ट असतात पण केबलच्या दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत त्यातले काही गळालेले असतात. गंमत अशी की मशिन बंद पडत नाही, ते अर्धवट चालतं. मोठी फाइल कॉपी करताना डिस्क गायब होते, लॅन मध्येच तुटतं, रात्री बॅकअप लागला की हँग. पायवर व्होल्टेज ४.६३ च्या खाली गेलं की कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) लॉगमध्ये 'अंडर-व्होल्टेज डिटेक्टेड' अशी ओळ येते, आणि व्हीसीजेनसीएमडी या कमांडला गेट थ्रॉटल्ड विचारलं की एक आकडा मिळतो. त्यात एक्सच्या पुढे नुसतं ० असेल तर ठीक, ५०००० असेल तर बूट झाल्यापासून कधीतरी करंट कमी पडून गेलाय, आणि ५०००५ असेल तर आत्ता या क्षणाला पडतोय. टीव्ही बॉक्सवर ही सोय नसते, तिथे सरळ दुसरा चांगला सप्लाय लावून बघायचं.

त्यात बाहेरची हार्ड डिस्क आली की बघायलाच नको. यूएसबी २ च्या पोर्टकडून नियमाने ५०० मिलीअँपिअर मिळतात, यूएसबी ३ कडून ९००, आणि अडीच इंची डिस्क फिरायला सुरुवात करताना एक अँपिअरच्या आसपास ओढते. म्हणून डिस्कला स्वतःचा ॲडॅप्टर असलेली केस घ्या किंवा पॉवर्ड हब घ्या. हब अगदी स्वस्तातला नको, काही हब उलटा करंट पायमध्येच ढकलतात, मग मेन प्लग काढला तरी पाय पूर्ण बंद होत नाही आणि रीबूट अर्धवट होतं.

आणि आपल्याकडचा कायमचा विषय म्हणजे लाइट जाणं. घरात इन्व्हर्टर असेल तर तो यूपीएस मोडवर आहे का बघा, साध्या मोडमध्ये बदली व्हायला जो वेळ लागतो तेवढ्यात हे डबडं रीस्टार्ट होतं, पंखा मात्र फिरतच राहतो म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. थिन क्लायंटच्या बायोसमध्ये 'एसी रिकव्हरी' नावाचं सेटिंग असतं ते 'पॉवर ऑन' करा, नाहीतर लाइट आली तरी मशिन झोपलेलंच, आणि तुम्ही गावाला.

डिस्क नाही सापडली म्हणून अख्खं मशिन अडकतं

एफस्टॅब फाइलमध्ये (बूट होताना कोणत्या डिस्क जोडायच्या त्याची यादी) डिस्क एसडीए१ अशा नावाने लिहिणं बंद करा. दुसरा पेनड्राइव्ह लावून रीबूट केलं की तीच डिस्क एसडीबी१ होऊ शकते. ब्लॉक-आयडी कमांडने यूयूआयडी (डिस्कचा स्वतःचा ओळख क्रमांक) काढा आणि तो लिहा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्या ओळीत 'नोफेल' हा ऑप्शन टाका. तो नसेल तर बूट होताना सिस्टमडी (बाकी सगळं सुरू करणारा प्रोग्रॅम) त्या डिस्कची दीड मिनिट वाट बघतं आणि मग इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन रूट (सर्व अधिकार असलेल्या युजरचा) पासवर्ड मागत बसतं, आणि तुमच्या डबड्याला ना स्क्रीन ना कीबोर्ड. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं बोर्ड गेला. डिस्क बाहेरची आहे ना, मग नोफेल, विषय नाही.

नोफेल टाकलं की एक नवीन खड्डा तयार होतो तोही सांगून ठेवतो. डिस्क लागली नाही तरी तिचं फोल्डर असतंच, फक्त रिकामं. मग रात्रीचा बॅकअप बिनधास्त त्या रिकाम्या फोल्डरमध्ये लिहितो, म्हणजे प्रत्यक्षात ८ जीबीच्या ईएमएमसीवर (बोर्डवरच्या आतल्या स्टोरेजवर), ती भरते आणि सकाळी काहीच चालत नाही. आणि डिस्क परत लागली की त्या फायली तिच्याखाली झाकल्या जातात, डीएफ (मोकळी जागा सांगणारी कमांड) म्हणतं जागा संपली आणि डीयूला (फायलींची साइज मोजणारी कमांड) काही सापडत नाही, माणूस वेडा होतो. उपाय सोपा आहे, डिस्क काढलेली असताना त्या रिकाम्या फोल्डरला सीएचॲटर कमांडने इम्यूटेबल (बदलता न येणारं) करून ठेवा. डिस्क माउंट व्हायला (त्या फोल्डरला जोडली जायला) त्याने काही अडत नाही, पण ती नसेल तेव्हा रूटलासुद्धा तिथे लिहिता येत नाही आणि बॅकअप एरर देऊन थांबतो, जे आपल्याला हवंय.

जागा शिल्लक दिसते तरी 'नो स्पेस लेफ्ट' येतंय? डीएफ ला आय ऑप्शन देऊन आयनोड (फायलींच्या नोंदींच्या जागा) संपलेत का बघा. डॉकर (प्रत्येक ॲप वेगळ्या कंटेनरमध्ये चालवणारी सोय) वापरत असाल तर कंटेनरचे लॉग बघा, डिफॉल्टमध्ये त्यांना साइजची मर्यादाच नसते आणि एखादा बडबड्या कंटेनर काही आठवड्यांत कार्ड खाऊन टाकतो.

यूएसबी टू साटा वाली केस असेल आणि डिस्क लोड आल्यावरच अडकत असेल, तर डीमेसेजमध्ये (कर्नलचा लॉग दाखवणारी कमांड) 'यूएएस' आणि 'अबॉर्ट' हे शब्द शोधा. काही ब्रिज चिपचं (केसमधली यूएसबी आणि साटा जोडणारी चिप) त्या यूएएस ड्रायव्हरशी (यूएसबी डिस्कचा नवा, वेगवान ड्रायव्हर) जमत नाही. कर्नलच्या कमांड लाइनमध्ये त्या चिपच्या आयडीपुढे यू लावून यूएसबी-स्टोरेज क्वर्क्स दिलं की जुना ड्रायव्हर लागतो, स्पीड थोडा कमी होतो पण डिस्क टिकते. पण हे करायच्या आधी वरचा करंटचा भाग तपासलेला असू द्या, कारण दोन्हीची लक्षणं सारखीच दिसतात.

एसडी कार्डाबद्दल थोडक्यात. ऑनलाइन सेलमध्ये मिळालेलं भरमसाट जीबीचं कार्ड आधी एफ३ टूलने लिहून-वाचून तपासा, खोट्या कपॅसिटीची कार्डं सर्रास मिळतात. लॉग रॅममध्ये ठेवा (आर्मबियन हे स्वतःच करतं), स्वॅप (रॅम अपुरी पडल्यावर वापरायची जागा) कार्डावर नको, झेडरॅम (रॅममध्येच दाबून ठेवलेला स्वॅप) वापरा. आणि रूट पार्टिशन (जिथे सिस्टम असते ते) अचानक रीड-ओन्ली झालं तर परत रीड-राइट माउंट करून पुढे चालू नका, कर्नलने काहीतरी बघितलंय म्हणून त्याने हात काढून घेतलाय. कार्ड काढा, दुसऱ्या लिनक्स मशिनवर आधी त्याची डीडी कमांडने इमेज घ्या, मग एफएससीके (फाइलसिस्टम तपासून दुरुस्त करणारी कमांड) चालवा.

बूटच होत नाही

टीव्ही बॉक्समध्ये सगळ्यात मोठा घोळ म्हणजे वरचं नाव एक आणि आतला बोर्ड भलताच. एकाच नावाच्या दोन बॉक्समध्ये वेगळी चिप, वेगळी वायफाय, वेगळी रॅम निघते. लेबलवर काहीही छापलेलं असो, बॉक्स उघडा आणि चिपवरचं नाव वाचा. ॲमलॉजिक एस९०५एक्स असेल तर इमेज टाकल्यावर दोन गोष्टी हाताने कराव्या लागतात आणि लोक त्याच विसरतात. एक, एक्स्टलिनक्सच्या कॉन्फिग फाइलमध्ये तुमच्या बॉक्सची डीटीबी फाइल (बोर्डवर काय काय आहे ते कर्नलला सांगणारी) लिहायची. दोन, बूट पार्टिशनमधली एस९०५एक्स नावाची यू-बूट (इथला बूटलोडर) फाइल कॉपी करून तिला यू-बूट डॉट ईएक्सटी असं नाव द्यायचं. मग पहिल्यांदा बूट करताना एव्ही जॅकच्या भोकात टूथपिक घालून आतलं बटण दाबून धरायचं आणि तसंच धरून करंट द्यायचा. ऐकायला येड्यासारखं वाटतं पण तिथे खरंच रीसेट बटण असतं. ॲमलॉजिक आधी ईएमएमसीवरचा अँड्रॉइडचा बूटलोडर चालवतं, कार्डाकडे बघायला त्याला असं सांगावं लागतं. ऑलविनरवाल्या बॉक्समध्ये हे लचांड नाही, तो आधी कार्ड बघतो.

उत्साहाच्या भरात पहिल्याच दिवशी ईएमएमसीवर इन्स्टॉल करू नका. आठवडाभर कार्डावर चालवा, लॅन, यूएसबी, रीबूट सगळं नीट आहे बघा, अँड्रॉइडसकट ईएमएमसीची पूर्ण कॉपी काढून ठेवा, मग करा. आणि हे लक्षात असू द्या की टीव्ही बॉक्सना आर्मबियनचा अधिकृत सपोर्ट नाही, जे चालतं ते हौशी लोकांच्या मेहनतीवर. एक अपग्रेड केला आणि डीटीबी बदलली की बॉक्स परत गप होऊ शकतो. म्हणूनच नवीन माणसाला मी टीव्ही बॉक्सऐवजी थिन क्लायंटच घ्यायला सांगतो, तिथे साधा पीसीसारखा कारभार.

साधा म्हणजे अगदीच बिनघोर नाही. वाइज ३०४० वर डेबियन इन्स्टॉल नीट होतं आणि रीबूट केलं की 'बूट डिव्हाइस नाही'. कारण त्याचं फर्मवेअर डेबियनची बूट एंट्री मानत नाही, त्याला फाइल ईएफआय, बूट, बूट-एक्स६४ या ठरलेल्या जागीच लागते. इन्स्टॉलरच्या एक्सपर्ट मोडमध्ये 'रिमूव्हेबल मीडिया पाथवर पण ग्रब टाकू का' असा प्रश्न येतो (ग्रब म्हणजे डेबियनचा बूटलोडर), त्याला हो म्हणा, किंवा नंतर रेस्क्यू मोडमधून ग्रब-इन्स्टॉलला रिमूव्हेबल ऑप्शन द्या. बायोसने पासवर्ड मागितला तर वाइजचा कारखान्यातला पासवर्ड फायरपोर्ट आहे, पहिलं अक्षर कॅपिटल.

स्क्रीनवर काहीच येत नसेल तर अंदाज लावत बसण्यापेक्षा सीरियल ॲडॅप्टर (बोर्डचे बूट मेसेज दुसऱ्या कॉम्प्युटरवर दाखवणारा) घ्या, सीपी२१०२ किंवा सीएच३४० चा. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज मिळतो. बोर्डवर तीन-चार पिना किंवा पॅड असतात. ग्राउंडला ग्राउंड, टीएक्स (पाठवणारी पिन) ला आरएक्स (घेणारी पिन), आरएक्स ला टीएक्स. व्हीसीसीची (करंटची) वायर लावायचीच नाही. ॲडॅप्टर ३.३ व्होल्टचा असल्याची खात्री करा, जुन्या कॉम्प्युटरचा नऊ पिनांचा सीरियल पोर्ट थेट जोडलात तर चिप जाते. स्पीड बहुतेक ठिकाणी ११५२००. समोर नुसता कचरा दिसला तर स्पीड चुकलाय, काहीच दिसलं नाही तर दोन वायरी उलट करून बघा. एकदा यू-बूटच्या ओळी धावताना दिसल्या की तो डीटीबी शोधताना अडकलाय की रूट पार्टिशन, हे दोन मिनिटांत कळतं.

घड्याळ

पाय ५ च्या आधीच्या पायमध्ये आणि बऱ्याच टीव्ही बॉक्समध्ये करंट गेल्यावर चालणारं घड्याळ नाही. लाइट आली की तारीख मागची, मग वेबसाइटची सर्टिफिकेट चुकीची वाटतात, एपीटी (डेबियनची अपडेट आणणारी कमांड) रुसतं. पायहोलवर डीएनएसएसईसी (वेबसाइटच्या नाव-पत्त्याची सही तपासणं) चालू असेल तर आणखी मजा: वेळ चुकीची म्हणून नाव सापडत नाही, नाव सापडत नाही म्हणून टाइम सर्व्हर मिळत नाही, तो मिळत नाही म्हणून वेळ सुधारत नाही. टाइम सर्व्हर नावाऐवजी थेट आयपीने द्या. थिन क्लायंटमध्ये सीआर२०३२ सेल असतो, जुन्या मशिनमध्ये तो मेलेलाच समजा आणि बदला, कारण काही मशिनं सेल गेला की 'एफ१ दाबा' म्हणून बूटलाच अडून राहतात.

बाहेरून का दिसत नाही

राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड केला, तरी बाहेरून काही लागत नाही, ही तक्रार कायम असते. राउटरच्या स्टेटस पानावर वॅन (इंटरनेटच्या बाजूचा) आयपी बघा. तो १०० पासून सुरू होतो आणि दुसरा आकडा ६४ ते १२७ मध्ये असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या (नेट कंपनी एकच पब्लिक आयपी अनेकांत वाटते त्या पद्धतीच्या) मागे आहात, राउटरमध्ये डोकं आपटून उपयोग नाही. टेलस्केल (तयार व्हीपीएन) किंवा बाहेरच्या एखाद्या व्हीपीएसवरून (भाड्याच्या सर्व्हरवरून) वायरगार्ड व्हीपीएन, नाहीतर आयपीव्ही६ वापरा. आणि पब्लिक आयपी असेल तर एसएसएच पासवर्डवर उघडं ठेवू नका, पासवर्डऐवजी की-फाइल वापरा. आर्मबियनचा पहिला लॉगिन रूट आणि १२३४ आहे हे सगळ्या जगाला माहितीय.

जुनं व्हर्जन

एपीटी अपडेटला ४०४ येत असेल तर तुमचं रिलीज मेन सर्व्हरवरून आर्काइव्हमध्ये गेलंय, त्याला नेटचा प्रॉब्लेम समजू नका. आणि अपग्रेडच्या आधी प्रोसेसर बघा, डेबियन १३ पासून ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलर आणि कर्नल बंद झालेत. एलएससीपीयू कमांड चालवा, ऑप-मोडच्या ओळीत ६४-बिट लिहिलेलं असेल तर डेटा बाजूला काढून सरळ ६४-बिटची ताजी इमेज टाका, ३२ वरून तसंच वर चढवायच्या भानगडीत पडू नका. नुसतं ३२-बिट असेल तर डेबियन १२ वर सिक्युरिटी अपडेट येताहेत तोवर चालवा आणि नंतर इंटरनेट तोडून घरातल्या प्रिंटरच्या दिमतीला लावा.